घोडीचं देणं

मागच्या वर्षी संत्र्याचा मृग बहार बरा गेला. व्यापाऱ्याचे पैसे हाती आले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता विहिरीवरची मोटार बदलतील. मुलाच्या डोक्यात ठिबकाच्या नळ्या होत्या. मी एकतीस हजाराची घोडी घेऊन आलो.

गावात हसू झालं. पारावरचे म्हणाले, "काकाजी, लगन जमवलं का दुसरं?" आमच्या घरचीनं दोन दिवस सरळ तोंडानं भाकर वाढली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पासष्टी आली, गुडघ्याचं तेल संपलं, अन् आता घोडीवर बसून कोणाले दाखवाचं आहे तुमाले?"

मी सगळ्यांना एकच सांगितलं, लहानपणची हौस आहे. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. उरलेलं आजवर कोणाला सांगितलं नाही, ते इथं लिहितो.

आमचं गाव कळमेश्वरपासून जवळ. नागपूरहून इटारसीकडं जाणारी रेल्वे कळमेश्वरवरून जाते. माझ्या लहानपणी पॅसेंजर आली की स्टेशनाबाहेर तीन-चार टांगे उभे असत. कोणी मोहप्याला जाणारं, कोणी धापेवाड्याच्या विठ्ठलाला. त्यातला एक टांगा आमच्या गावचा. टांगेवाल्याला आम्ही काकाच म्हणायचो. त्यांचा पोरगा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. त्याचं नाव लिहीत नाही, तो अजून आहे.

काकांची घोडी म्हणजे चंद्री. लाल अंगाची, कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा डाग. दिवसभर टांगा ओढून आली की काका तिला खरारा करायचे, तोबऱ्यात चंदी द्यायचे आणि मग नाल्यावर पाण्याला न्यायचे. त्या वेळी मला तिच्या पाठीवर बसायला मिळे. खोगीर नाही, रिकीब नाही. पोत्याचा तुकडा टाकायचा आणि मांडीनं धरून बसायचं. पहिल्या आठवड्यात माझी मांडी सोलून निघाली. आईनं हळद-तेल लावलं आणि बापाला सांगितलं नाही.

काकांनी जे शिकवलं ते अजून कानात आहे. "घोडी दुडकी चालली का कमरेतून हल, दगडावानी बसू नोको." "कान पाय तिचे. कान मागं गेले का समज, तिले काही सांगाचं आहे." "पाण्याशी आलं का पयले लगाम काढ, मंग पाणी पाज." आणि एकदा मी लगाम ओढला तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "लगाम तुह्या हातात नाही लेका, तिच्या तोंडात आहे."

त्या बसण्यात काय होतं, हे न बसलेल्याला सांगणं कठीण. दुडकीत आतडी हलतात, पण घोडी एकदा पळू लागली की हिसके थांबतात आणि आपण वाहतो आहोत असं वाटतं. उंची हीसुद्धा एक नशा आहे. जमिनीवरून तुरीचं वावर म्हणजे हिरवी भिंत. घोडीवरून तेच वावर पार पलीकडपर्यंत दिसतं. मोठी माणसं मान वर करून आपल्याशी बोलतात. बारा वर्षांच्या पोराला दुसरं काय पाहिजे?

एक गोष्ट तेव्हा मला दिसत होती पण कळत नव्हती. टांग्याला गिऱ्हाईक नसलं की काका आमच्या वावरात मजुरीला येत. काकू कापूस वेचायला येत. माझ्या बापाची बावीस एकर होती. मी चंद्रीवर बसायचा आणि काकांचा पोरगा तिच्या बाजूनं पळायचा. घोडी त्याच्या बापाची, पण बसायचा मी. याचं आम्हा दोघांनाही नवल वाटलं नाही.

1972 ला पाऊस दगा देऊन गेला. रेशनवर लाल मिलो आला. ती भाकर ज्यांनी खाल्ली त्यांना तिची चव सांगायला नको. माणसालाच खायला नव्हतं तर घोडीला चंदी कुठली? काका कडब्यात कडुनिंबाची डहाळी मिसळून तिला घालत. तरी टांगा चालू होता. लग्नसराई होती आणि दुष्काळातही लग्नं थांबत नाहीत.

1973 च्या एप्रिलातली गोष्ट. भर दुपार. काका बाजेवर झोपले होते. मी मित्राला म्हटलं, चंद्रीला सोड, पाच मिनिटं फिरवून आणू. तो म्हणाला, "बाप मारन." मी म्हणालो, मी आहे ना. त्यानं सोडली.

पांदणीनं गेलो तोवर ठीक होतं. मग मला वावरातून पळवायची लहर आली. पऱ्हाटी उपटून झाली होती, वावर मोकळं पडलं होतं. आमच्याकडची जमीन काळी. काळी माती पाणी पिते तेव्हा फुगते आणि उन्हाळ्यात आटते तेव्हा फाटते. त्या वर्षी तर हात-हात खोल भेगा. चंद्री धुऱ्यावर थांबली. कान मागं टाकले, पाय रोवले. तिनं मला सांगितलं होतं. काकांनी शिकवलं तसंच, नीट, कानानं सांगितलं होतं. मी खाली वाकून तुराटी उपसली आणि तिच्या पुठ्ठ्यावर दोन ओढल्या. ती वावरात शिरली.

तिसऱ्या की चौथ्या उडीला तिचा पुढचा डावा पाय भेगेत गेला. मी समोर जाऊन पडलो. उठून पाहिलं तर ती तीन पायांवर उभी होती. ओरडली नाही. घोडं दुखलं तर बैलासारखं हंबरत नाही, हे मला तेव्हा कळलं. अंगाला थरथर सुटली होती आणि नाकपुड्या फुगल्या होत्या, बस.

मित्र पळत आला. मी त्याला म्हणालो, "सांग, दावं सुटलं होतं." एवढंच बोललो आणि मागच्या वाटेनं घरी गेलो.

संध्याकाळी त्यांच्या घरातून आवाज आला. चाबकाच्या दांड्यानं मारत होते. मी आमच्या मधल्या खोलीत धान्याच्या ढोलीमागं जाऊन बसलो. तो ओरडत होता, पण माझं नाव त्यानं घेतलं नाही. मी वाट पाहत होतो की आता घेईल, आता घेईल. घेतलं नाही.

हाड मोडलं नव्हतं, पण पायाची शीर गेली होती. शेकलं, पाला बांधला, हळद लावली. दोन महिने घोडी टांग्याला लागली नाही आणि पूर्ण लग्नसराई बुडाली. पुढं ती चालू लागली, पण लंगडत. काकांनी ती वीटभट्टीवाल्याला विकली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या बाकावर मी एकटाच होतो. मित्र नागपूरला हमालीच्या कामाला लागला. मी दहावीपर्यंत शिकलो.

त्यानंतर पन्नास वर्षं मी घोड्यावर बसलो नाही. वरातीत माझ्यासाठी घोडं आणलं होतं, तर बैलगाडीनं जातो म्हणून हट्ट धरला. लोकांना वाटलं, मुलगा साधा आहे.

आता प्रश्न असा की पन्नास वर्षांनी घोडी का घेतली? मी स्वतःला उत्तर दिलं होतं की एका घोडीचं देणं दुसरीला फेडायचं. चंद्री भट्टीवर कधी मेली असेल, देव जाणे. घोडं चांगलं राहिलं तर पंचवीस-तीस वर्षं जगतं, भट्टीवर तेवढं जगत नाही. तिला काही देता येत नाही. मग दुसऱ्या एका जनावराला चांगलं ठेवावं, ओझं कमी करावं, मारू नये. म्हणजे हिशेब जुळेल.

पण असा हिशेब जुळतो का? आम्हा शेतकऱ्यांना सोसायटीचं नवं-जुनं माहीत आहे. मार्च आला की जुनं कर्ज भरायला पैसे नसतात. मग कोणाकडून चार दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, जुनं भरायचं, लगेच नवं उचलायचं आणि उसने परत करायचे. कागदावर खातं स्वच्छ. देणं आहे तिथंच आहे, तारीख तेवढी बदलली. माझं हे घोडी घेणं त्याच जातीचं आहे की काय, ही शंका मला पहिल्या दिवसापासून होती. तरी शेतकरी नवं-जुनं करतोच. केलं नाही तर खातं थकीत जातं आणि पुढचं दार बंद होतं.

घोडी पाहायला मी आधी सारंगखेड्यापर्यंत जाऊन आलो होतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडातून, काठेवाडातून, पंजाबातून घोडी येतात. लाखालाखाच्या किमती. धनी मिशीवर हात फिरवत उभे, घोडी दोन पायांवर नाचतात. मी पाहिलं, चहा प्यायलो आणि परत आलो. मला नाचणारी नको होती.

राणी मिळाली ती नागपूरकडच्या एका वरातवाल्याकडे. तिनं बारा वर्षं नवरदेव वाहिले. वय विचारलं तर तो म्हणाला आठ. मी ओठ वर केला. खालच्या दातांतले खड्डे पार बुजलेले, दात पुढं झुकायला लागलेले. पंधराच्या खाली नसावी. डीजेच्या आवाजानं तिचा एक कान सतत थरथरतो. पाठीवर जुना व्रण आहे, तिथं केस पांढरे उगवले आहेत. मी विचारलं, विकता काहून? तो म्हणाला, आता लोकांना पांढरी पाहिजे, फोटोत चांगली दिसते.

पासष्टाव्या वर्षी घोडीवर बसणं म्हणजे आधी ओट्यावर चढणं. जमिनीवरून पाय टाकायचे दिवस गेले. पहिल्या दिवशी वर बसलो आणि जी भीती वाटली ती लहानपणी कधी वाटली नव्हती. तेव्हा मला माहीत नव्हतं की मी मोडू शकतो. त्याहून मोठं म्हणजे मी मोडवू शकतो, हे माहीत नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी छातीचा घेर मोजून तिचं वजन अंदाजे चारशे किलो सांगितलं. जाणकार म्हणतात की घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं पाठीवर नको. म्हणजे ऐंशी किलो. मी अडुसष्ट आणि खोगीर सात-आठ. बसतो हिशेबात. तरी संध्याकाळची दुसरी भाकर मी सोडली. आमच्या घरचीला वाटतं, साखरेमुळं सोडली.

पण मांडी विसरत नाही. तिसऱ्या आठवड्यात पांदणीवर राणी आपणहून दुडकी चालली आणि माझी कंबर आपोआप हलली. डोळ्यात पाणी आलं. वाऱ्यानं असेल.

एकदा पाऊस पडून गेला होता. नाल्याच्या रपट्यावरून घोटाभर पाणी वाहत होतं. राणी काठावर थांबली आणि कान मागं टाकले. मी खाली उतरलो. पाण्यात उतरून पाहिलं, काही नव्हतं. दगड नाही, काच नाही, साप नाही. तिला नको होतं, एवढंच. मी लगाम धरून पायी घरी आलो आणि त्या दिवशी मला फार चांगलं वाटलं. पन्नास वर्षांची तुराटी हातातून खाली पडली असं वाटलं. आता लिहायला बसलो तेव्हा त्या चांगलं वाटण्याचाच संशय येतो. न मारणं हे काय मोठं काम आहे? घोडीला न मारल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटणारा मी कोण?

आमच्या नागपूरकर भोसल्यांची घोडदळं अठराव्या शतकात पार बंगालपर्यंत गेली. तिथं पोरांना 'बर्गी आले' म्हणून झोपवत, असं सांगतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर. मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचं घोडं आणायचा आणि बारगिराला घोडं सरकारातून मिळायचं. शिलेदाराचं घोडं पडलं तर त्याचं घर बसायचं. बारगिराचं पडलं तर नुकसान दुसऱ्याचं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. चंद्रीवर मी बारगीर होतो. उंची माझी, वारा माझा, आणि पडलं ते घर दुसऱ्याचं.

एका वर्षी आळंदीहून वारीला गेलो होतो. रिंगणात दोन घोडे धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा. त्यावर खोगीर असतं पण कोणी बसत नाही. हे घोडे बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. तो रिकामा घोडा धावत गेला तेव्हा लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावत होते. मीही लावली. पण माझ्या मनात भलतंच आलं की जगात हा एकच घोडा असेल ज्याला माणसाचं ओझं नाही आणि म्हणूनच आपण त्याच्या पाया पडतो. बाकीच्या घोड्यांचं काय? त्यांच्यावर बसूच नये का? बैलाला मी जन्मभर जुंपलं. पोटासाठी जुंपलं म्हणून ते माफ आणि हौसेसाठी बसलो तर पाप, असं म्हणावं तर चंद्रीला टांग्यात रोज जुंपणारे काका पोटासाठीच जुंपत होते आणि रोज तिला खरारा करत होते. पोट आणि हौस यांनी निवाडा होत नाही. किंमत कोण मोजतो, ते पाहावं लागतं.

इथपर्यंत माझा विचार आला होता आणि मी समाधानी होतो. मग या दिवाळीनंतर मित्र गावात आला, नात्यातल्या एका तेरवीला. जेवणं झाल्यावर आमच्या गोठ्याशी आला. मागं दोन-चारदा भेटलो होतो, लग्नात, मौतीत. पाणी-पाऊस बोललो होतो. त्या दिवशी राणी समोर उभी होती, दुसरं काही बोलताच येईना.

मी म्हणालो, "चंद्री माझ्यानं लंगडी झाली. मार तू खाल्ला. मी कधी बोललो नाही."

तो राणीच्या मानेवर हात फिरवत होता. हात काढला नाही. म्हणाला, "बापाले मालूम होतं."

"काय?"

"तूच होता म्हणून. वावरात तुह्या चपलेचे ठसे होते. माह्या पायात चप्पल कुठं होती तवा? बापानं जाऊन पायलं होतं."

मी विचारलं, मग तुला काहून मारलं?

"मंग कोणाले मारन? तुह्या बापाच्या वावरात माय-बाप कामाले होते. तुह्या दारावर येऊन सांगतलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम राह्यलं असतं का?" थोडं थांबून म्हणाला, "रातभर रडला मंग तो. माही पाठ शेकत बसला."

त्यानं हे रागानं सांगितलं नाही. विहिरीला पाणी किती फुटावर लागलं ते सांगावं तसं सांगितलं. मलाच बसायला दगड शोधावा लागला.

पन्नास वर्षं मी खातं चंद्रीच्या नावावर ठेवलं होतं. रात्री ती तीन पायांवर उभी दिसायची. त्या ढोलीमागचा आवाजही आठवायचा, पण तो मी लवकर पुढं ढकलायचो आणि घोडीवर येऊन थांबायचो. का, ते त्या दगडावर बसल्यावर कळलं. घोडी मागायला येत नाही. घोडीपुढं वाईट वाटून घेता येतं, रडता येतं, दुसरी घोडी आणता येते. माणूस समोर उभा राहिला तर तो विचारू शकतो की माझ्या शाळेचं काय. त्याला द्यायला माझ्याजवळ काय होतं? काकांना जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांना मी भेटलो होतो, शेवटच्या दुखण्यात. संत्री घेऊन गेलो होतो. त्यांनी संत्रं सोलून मलाच अर्धं दिलं. तेव्हाही त्यांना माहीत होतं.

मी मित्राला म्हणालो, माझ्याकडून काही घे. काय ते माझं मलाच माहीत नव्हतं. पैसे म्हणणार होतो, तोंडातून शब्द निघाला नाही.

तो म्हणाला, "काय देतं आता? ते जाऊ दे." मग खोगिराखाली बोटं घालून पाहिली. "तंग लय मागं बांधतं तू. पोटाले कापत असन तिले." त्यानं तंग सोडला, चार बोटं पुढं घेतला आणि पुन्हा आवळला. इतक्या वर्षांनी त्याची बोटं अडखळली नाहीत.

मी म्हटलं, "बसतं का?"

तो हसला. "पोती वाहून वाहून कंबर गेली. अन् मी तवाई कवा बसलो होतो?"

हे खरं होतं. चंद्रीवर बसलेला तो मला एकदाही आठवेना.

ऊन उतरलं होतं. राणीची पाण्याची वेळ झाली होती. त्यानं लगाम धरला आणि नाल्याकडं निघाला. मी मागून चालत गेलो. काठाशी राणीनं मान खाली घातली, तसं त्यानं तिला थांबवलं आणि माझ्याकडं वळून पाहिलं.

"लगाम काढत नाही का पाणी पाजताना? इसरला?"

मी विसरलो होतो. घोडी घेतल्यापासून एक दिवसही काढला नव्हता. त्यानं कानामागून पट्टा सैल केला, लगाम तिच्या तोंडातून काढून माझ्या हातात दिला आणि तिचं पिऊन होईपर्यंत बाजूला उभा राहिला.